संकेतस्थळाचे अद्ययावतीकरण आणि मराठी पाठाची सुरक्षितता

१. विषयाची व्याप्ती

विद्यापीठांचे भाषाविभाग, ग्रंथालये आणि संशोधनसंस्था यांची संकेतस्थळे ही आता केवळ माहितीपत्रके राहिलेली नाहीत. शब्दसंग्रह, बोलींचे नमुने, हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची, प्रबंधांचे गोषवारे अशी कितीतरी सामग्री त्यांवर साठलेली असते, आणि पुष्कळदा तिची दुसरी प्रत अन्यत्र कोठेही नसते. अशा संकेतस्थळाची आज्ञावली बदलण्याचा प्रसंग येतो तेव्हा ते काम एखाद्या तंत्रज्ञाकडे सोपवून विभाग मोकळा होतो. पृष्ठ उघडले, चित्रे दिसली, म्हणजे काम यथास्थित झाले असे मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. परंतु मराठी मजकुराला होणाऱ्या इजा बहुधा अशा असतात की ज्या पृष्ठ उघडताक्षणी दिसत नाहीत. त्या ओळखण्यास तंत्रज्ञाच्या ज्ञानाइतकीच भाषेच्या जाणकाराची दृष्टी लागते. या इजांचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्या टाळण्याची कार्यपद्धती सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम ‘मोठे अद्ययावतीकरण’ कशाला म्हणावे हे पाहिले पाहिजे. आज्ञावलीच्या आवृत्तीस क्रमांक असतो. त्यातील अखेरचा अंक बदलला तर सामान्यतः दोषांची दुरुस्ती झालेली असते. आरंभीचा अंक बदलला तर रचनाच पालटलेली असते. मात्र क्रमांकाचा हा संकेत सर्वत्र सारखा नाही. वर्डप्रेस या आज्ञावलीत पहिले दोन अंक मिळून मोठी आवृत्ती होते; म्हणजे ६.४ वरून ६.५ वर जाणे हा मोठा बदल, आणि ६.४.१ वरून ६.४.२ वर जाणे हा छोटा. म्हणून क्रमांकावर विसंबण्यापेक्षा त्या आवृत्तीसोबत प्रसिद्ध झालेले निवेदन वाचणे अधिक श्रेयस्कर.

२. अद्ययावतीकरण टाळता का येत नाही

‘चालते आहे ते चालू द्यावे’ हा विचार प्रथमदर्शनी सुज्ञपणाचा वाटतो. ग्रंथाच्या बाबतीत तो खराही आहे. कपाटात ठेवलेला ग्रंथ शंभर वर्षे न बदलता वाचता येतो. संकेतस्थळाची गोष्ट निराळी. ते अहोरात्र जगास खुले असते आणि त्याच्या आज्ञावलीत सापडलेला दोष सर्वांना एकाच वेळी कळतो. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपल या आज्ञावलीच्या सातव्या आवृत्तीतील एक गंभीर दोष जाहीर झाला व त्याच दिवशी दुरुस्तीही देण्यात आली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा-मंडळाने असे निवेदन काढले की, घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्या संकेतस्थळांनी दुरुस्ती केली नसेल त्यांनी आपल्या संकेतस्थळात परक्याचा शिरकाव झाला आहे असेच गृहीत धरावे. दुरुस्ती लांबणीवर टाकण्याची मुदत किती अल्प असू शकते, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

शिवाय जुन्या आवृत्तीला मिळणारा आधार कधीतरी संपतो. द्रुपलची हीच सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ रोजी तिचा अधिकृत आधार संपला. पीएचपी या भाषेच्या ५.६ या आवृत्तीस सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे २०१८ अखेर थांबले. आधार संपल्यावर नवा दोष सापडला तर त्याची दुरुस्ती कोणी देत नाही. तात्पर्य, स्थित्यंतर अटळ आहे. ते केव्हा व कसे करावे एवढेच आपल्या हाती असते.

३. बदल कोठकोठे होतो

संकेतस्थळ ही एक वस्तू नसून अनेक थरांची रचना आहे. सर्वांत खाली सर्व्हरची कार्यप्रणाली असते. तिच्यावर डेटाबेस, म्हणजे ज्यात प्रत्यक्ष मजकूर साठवलेला असतो तो भाग. त्यावर पीएचपीसारखी भाषा. तिच्यावर वर्डप्रेस किंवा द्रुपल यांसारखी व्यवस्थापक आज्ञावली. आणि सर्वांत वर थीम व प्लगिन. यांपैकी कोणताही एक थर बदलला की लगतच्या थरांशी असलेला त्याचा मेळ पुन्हा तपासावा लागतो.

याची दोन उदाहरणे पुरेत. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपीच्या ७.० या आवृत्तीतून डेटाबेसशी बोलण्याची एक जुनी पद्धत संपूर्णपणे काढून टाकण्यात आली. तिच्यावर अवलंबून असलेले शब्दकोशांचे व सूचींचे जुने कार्यक्रम नव्या आवृत्तीवर चालणे शक्यच नव्हते. ६ डिसेंबर २०१८ रोजी आलेल्या वर्डप्रेस ५.० ने लेखन करण्याची चौकटच बदलली. सलग मजकुराऐवजी खंडांची रचना आली आणि जुनी पद्धत हवी असणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्लगिन द्यावे लागले. हे दोन्ही बदल उघड होते. पहिल्यात पृष्ठ उघडत नाही, दुसऱ्यात लेखन करणारा गोंधळतो. दोष तत्काळ कळतो व त्यावर उपायही होतो. ज्यांची दखल या लेखात विशेषत्वाने घ्यावयाची आहे ते बदल याहून मूक आहेत.

४. मराठी मजकुरावरील संकटे

(अ) संकेतनाचा घोटाळा. ‘मराठी’ या शब्दात अक्षरे किती, या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत. वाचकाच्या दृष्टीने ती तीन: म, रा, ठी. युनिकोडच्या दृष्टीने पाच: म, र, आकाराची काना-खूण, ठ आणि दीर्घ ईकाराची खूण. साठवणुकीच्या दृष्टीने पंधरा. कारण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. आज्ञावलीचे सर्व थर या तीन उत्तरांविषयी एकमत असतील तोवर मजकूर शाबूत राहतो.

मायएसक्यूएल या डेटाबेसचे मूळ गृहीत संकेतन दीर्घकाळ पश्चिम युरोपीय लिपीचे, म्हणजे लॅटिन-१ होते. इतकेच नव्हे, तर शब्दांचा गृहीत अनुक्रमही स्वीडिश वर्णक्रमाचा होता, कारण त्या डेटाबेसचा जन्म स्वीडनमधील. ज्यांनी ही मांडणी न बदलता मराठी संकेतस्थळे उभारली, त्यांचा मजकूर यूटीएफ-८ चा असूनही लॅटिन-१ अशी खोटी चिठ्ठी लावलेल्या डब्यात साठत गेला. ठेवताना व काढताना दोन्ही वेळी तीच चूक होत असल्याने पडद्यावर मराठी शुद्धच दिसे. मोठ्या अद्ययावतीकरणात या दोहोंपैकी एक टोक सुधारले जाते आणि दुसरे तसेच राहते. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या मायएसक्यूएल ८.० पासून गृहीत संकेतनच बदलले, हे या संदर्भात लक्षात ठेवावे. मग ‘म’ या एका चिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हे दिसतात: डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ हे अक्षर, चलनाची खूण आणि नोंदणीकृत मुद्रेची खूण. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असल्यामुळे दर तिसऱ्या स्थानी तेच रेघवाले अक्षर पुनःपुन्हा येते. या लक्षणावरून रोगाचे निदान निश्चित करता येते.

येथे विकृती आणि लोप यांतील भेद फार महत्त्वाचा आहे. वरील विकृतीत मूळचे सर्व बाइट शिल्लक असतात. जी क्रिया सरळ झाली तीच उलट केल्यास मजकूर पूर्ववत होतो. परंतु मराठी मजकूर खरोखरीच लॅटिन-१ मध्ये रूपांतरित करण्याचा प्रयत्न झाला तर त्या संकेतनात देवनागरीला स्थानच नसल्याने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. ही केवळ विकृती नव्हे, हा लोप आहे. प्रश्नचिन्हांच्या रांगेतून मूळ शब्द कोणत्याही युक्तीने परत मिळत नाही. म्हणून विकृत मजकूर दिसताच घाईने ‘दुरुस्ती’ करू नये. आधी आहे त्या स्थितीची प्रत काढून ठेवावी.

(आ) मोडी लिपीचा प्रश्न. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाने दीर्घकाळ जे संकेतन मिळत होते, ते एका चिन्हास अधिकाधिक तीन बाइट देत असे. देवनागरीला ते पुरे पडे. परंतु मोडी लिपीचा युनिकोडमध्ये समावेश झाला तो २०१४ साली, ७.० या आवृत्तीत, आणि तिची चिन्हे ज्या विभागात आहेत तेथील प्रत्येक चिन्हास चार बाइट लागतात. परिणामी मोडी मजकूर अशा डेटाबेसमध्ये ठेवू गेल्यास मांडणीनुसार कधी प्रश्नचिन्ह उमटे, कधी त्या चिन्हापासून पुढचा सर्व मजकूर गळून पडे, तर काटेकोर मांडणीत ती नोंदच नाकारली जाई. चार बाइटांचे पूर्ण संकेतन ‘यूटीएफ८एमबी४’ या वेगळ्या नावाने २०१० पासून उपलब्ध झाले, आणि वर्डप्रेसने एप्रिल २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून त्याचा अंगीकार केला.

हे संक्रमण इष्ट असले तरी त्यातही एक अडचण आहे. डेटाबेसच्या जुन्या रचनेत अनुक्रमणिकेची कमाल लांबी ७६७ बाइट होती. २५५ चिन्हांच्या रकान्यास तीन बाइटांच्या हिशेबाने ७६५ बाइट लागत, ते मर्यादेत बसत. चार बाइटांच्या हिशेबाने १०२० होतात, ते बसत नाहीत. यास्तव अनुक्रमणिका १९१ चिन्हांवर आणावी लागे. जेथे हा बदल अर्धवट झाला तेथे काही तक्ते नव्या संकेतनात आणि काही जुन्यात अशी मिश्र अवस्था उरते. पुरालेखांची किंवा मोडी कागदपत्रांची सूची बाळगणाऱ्या विभागाने प्रत्येक तक्त्याचे व प्रत्येक रकान्याचे संकेतन स्वतंत्रपणे तपासून पाहिले पाहिजे.

(इ) अदृश्य चिन्हांचा लोप. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन रूपांतील भेद मराठीच्या विद्यार्थ्यांस सुपरिचित आहे. पहिले गुरुजनांविषयी, दुसरे स्वयंपाक करणाऱ्यांविषयी. दुसऱ्या रूपातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे नुक्ता असलेले स्वतंत्र चिन्ह योजतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह योजतात. दोहोंचे दृश्य रूप एकच. आता अद्ययावतीकरणाच्या ओघात मजकुराची ‘स्वच्छता’ करणारी एखादी पायरी असेल आणि ती अदृश्य चिन्हे निरर्थक समजून काढून टाकत असेल, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले सर्व आचारी एका क्षणात आचार्य होतात, आणि डोंगरांमधील दऱ्यांचा दर्या होतो. येथे परके चिन्ह दिसत नाही, प्रश्नचिन्ह दिसत नाही. उमटतो तो शब्द मराठीत अस्तित्वात असलेलाच शब्द असतो. त्यामुळे यंत्राला यात दोष दिसत नाही, आणि भाषा न जाणणाऱ्या तंत्रज्ञालाही नाही.

(ई) समरूप पण भिन्न लेखन. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तत्पूर्वीच्या मजकुरात ते ‘अ’ आणि त्यापुढे अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले आढळते. दोन्ही लेखने डोळ्यांस एकसारखी दिसतात, पण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. जुन्या आज्ञावलीच्या शोधयंत्रणेत या दोहोंना एक मानण्याची सोय कोणी हाताने करून ठेवलेली असेल, तर नव्या आवृत्तीत ती सोय नाहीशी होते आणि अर्ध्या नोंदी शोधातून गळतात. नोंदी असतात, पण सापडत नाहीत.

(उ) अनुक्रमातील पालट. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो; युनिकोडच्या क्रमात तो ‘ल’ च्या लगेच पुढे आहे. जो शब्दसंग्रह एका क्रमाने लावलेला होता तो आज्ञावली बदलताच दुसऱ्या क्रमाने लागू शकतो. ही बाब केवळ मांडणीची नाही. डेटाबेसची अनुक्रमणिका अनुक्रमाच्या नियमांवरच उभी असते. नियम बदलले आणि अनुक्रमणिका जुनी राहिली, तर कपाटातील ग्रंथ नव्या क्रमाने शोधावे पण ते जुन्या क्रमाने लावलेले असावेत, तशी गत होते. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्स कार्यप्रणालीतील जीलिबसी या मूलभूत संग्रहाची २.२८ ही आवृत्ती आली. तिच्यात अनुक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले होते. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्या ज्या संस्थांनी खालची कार्यप्रणाली बदलली पण अनुक्रमणिका नव्याने बांधल्या नाहीत, त्यांच्याकडे अस्तित्वात असलेली नोंद न सापडणे आणि एकच नोंद दोनदा स्वीकारली जाणे असे दोष संभवत होते. डेटाबेसला कोणी हातही लावलेला नसताना तो बिघडू शकतो, ही यातील विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

(ऊ) पत्त्यांचा प्रश्न. शोधनिबंधात संकेतस्थळावरील पृष्ठाचा निर्देश त्याच्या पत्त्याने होतो. देवनागरी पत्ता संगणक शतमान-चिन्हांच्या भाषेत लिहितो, आणि त्यात देवनागरीचे एक चिन्ह नऊ रोमन चिन्हे व्यापते. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागास २०० चिन्हांची मर्यादा आहे. म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हे. ‘ज्ञानेश्वरीतील क्रियापदांचा अभ्यास’ या शीर्षकाचा पत्ता ‘क्रियापद’ पाशीच तुटतो. अद्ययावतीकरणात पत्ते घडवण्याची पद्धत बदलली तर पूर्वी उद्धृत केलेले सर्व निर्देश निष्फळ होतात. म्हणून जुन्या पत्त्यांची संपूर्ण यादी आधी काढून ठेवावी आणि जुन्यावरून नव्यावर कायमस्वरूपी वळण देण्याची व्यवस्था करावी.

५. राखीव प्रत

कोणत्याही स्थित्यंतरापूर्वी बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, घ्यावी हा उपदेश सर्वश्रुत आहे. परंतु प्रत घेणे आणि प्रत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेच्या बाबतीत घडलेला प्रसंग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. एका कर्मचाऱ्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरील मूळ डेटाबेस पुसला गेला. राखीव प्रतींच्या अनेक योजना तेथे होत्या, पण ऐनवेळी बहुतेक निरुपयोगी ठरल्या. रोजची प्रत काढणारे साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचे होते व डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळे ती प्रत निघतच नव्हती. ती निघत नसल्याची सूचना देणारी ई-पत्रेही पोहोचत नव्हती. अखेर सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत उपयोगी पडली आणि त्या सहा तासांतील नोंदी गेल्या. या प्रसंगाचा पूर्ण वृत्तान्त त्या संस्थेनेच प्रसिद्ध केला, ही तिची प्रशंसनीय गोष्ट होय.

यातून निघणारा नियम असा की, जी प्रत अन्यत्र उभी करून वाचून पाहिली आहे तीच प्रत म्हणावी. मराठी मजकुराच्या बाबतीत यात आणखी एक भर घातली पाहिजे. वर वर्णिलेल्या खोट्या चिठ्ठीच्या डब्यातून प्रत काढताना प्रतीतच दुहेरी संकेतन होऊ शकते. म्हणून प्रत उभी केल्यावर मराठी पृष्ठे उघडून वाचावीत. डेटाबेसच्या प्रतीखेरीज चित्रे, ध्वनिमुद्रणे व थीम यांची स्वतंत्र प्रत असावी. शिवाय शब्दसंग्रह किंवा सूची यांचा सारा मजकूर साध्या यूटीएफ-८ धारिकेच्या रूपाने वेगळा काढून ठेवावा. आज्ञावल्या येतील व जातील. साधी मजकूर-धारिका कोणत्याही आवृत्तीची आश्रित नसते. आणि यांतील निदान एक प्रत तरी त्या सर्व्हरच्या बाहेर, विभागाच्या ताब्यात असावी.

६. तालीम आणि कसोटीचा पाठ

उभी करून पाहिलेली प्रत हीच तालमीची रंगभूमी होय. मूळ संकेतस्थळाशी सर्व बाबतींत सारखे असे दुसरे संकेतस्थळ बंदिस्त जागी उभारावे. तेथून वाचकांना ई-पत्रे जाणार नाहीत आणि शोधयंत्रे त्याची नोंद घेणार नाहीत, याची तजवीज करावी. सर्व्हरवरील पीएचपीची व डेटाबेसची आवृत्ती अंतिम ठिकाणी असणार तीच येथेही असावी. अन्यथा तालीम एका नाटकाची आणि प्रयोग दुसऱ्याचा असा प्रकार होईल.

बदल एकेक थर घेऊन करावा. व्यवस्थापक आज्ञावली, पीएचपी आणि डेटाबेस हे तिन्ही एकाच वेळी बदलले आणि दोष उद्भवला, तर त्याचे मूळ शोधणे कठीण होते. साधारणपणे अशी मधली आवृत्ती सापडते की जी जुन्या व नव्या दोन्ही पीएचपीवर चालते. आधी तिथवर यावे, मग पीएचपी बदलावी, आणि नंतर पुढे जावे. प्रत्येक प्लगिनची नव्या आवृत्तीशी सुसंगती तपासावी. ज्याचा कर्ता वर्षानुवर्षे गप्प आहे असे प्लगिन या निमित्ताने काढून टाकणेच हितावह.

प्रत्येक पायरीनंतर भाषाविभागाने आपला कसोटीचा पाठ लावून पाहावा. हा पाठ म्हणजे मुद्दाम निवडलेल्या शब्दांचे एक पृष्ठ. त्यात पुढील गोष्टी अवश्य असाव्यात: ‘आचाऱ्यांना’ हे रूप दोन्ही प्रकारच्या लेखनांत, ‘ॲ’ नवे आणि जुने, ‘सत’ आणि ‘संत’ अशा केवळ अनुस्वाराने भिन्न असलेल्या जोड्या, म्हणजे शोधयंत्रणा त्यांना वेगळे मानते की एक हे कळेल, ‘काल, काळ, काव, कास’ असे क्रम तपासणारे शब्द, ‘ज्ञ’ व ‘क्ष’ यांनी आरंभ होणारे शब्द, देवनागरी अंक, लांब शीर्षक, आणि विभागाकडे मोडी सामग्री असल्यास मोडीतील एक ओळ. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिसतात की नाही हेही पाहावे. काही टंक पृष्ठाची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल तरच ती वळणे दाखवतात. नव्या थीमने भाषेची नोंद बदलली की ती वळणे नाहीशी होतात.

डोळ्यांच्या तपासणीला मोजदादीची जोड द्यावी. बदलापूर्वी व बदलानंतर प्रत्येक तक्त्यातील नोंदींची संख्या, एकूण चिन्हसंख्या आणि प्रश्नचिन्हांची संख्या यांची तुलना करावी. प्रश्नचिन्हे अकस्मात वाढलेली दिसली तर कोठेतरी लोप झाला आहे हे निश्चित. शेवटी दोन्ही वेळी काढलेल्या मजकूर-धारिका संगणकाकरवी ओळीस ओळ ताडून पाहाव्यात.

प्रतींची अशी ताडणी भाषाभ्यासकांस अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते अशीच ताडून. फरक इतकाच की लिपिकार कोठे दमतो, कोठे ओळ गाळतो, कोठे आपल्या मतीने सुधारणा करतो. त्याच्या चुकांना नियम नसतो. यंत्र चुकते ते सर्वत्र एकाच नियमाने चुकते. मूळ प्रत हाताशी असेल तर नियमाने झालेली चूक नियमानेच दुरुस्त होते. मूळ प्रत नसेल तर हजारो नोंदी एकाच प्रकारे बिघडलेल्या राहतात आणि ताडून पाहण्यास काहीच उरत नाही.

७. प्रत्यक्ष स्थित्यंतर

तालीम निर्दोष पार पडल्यावरच प्रत्यक्ष कामाचा दिवस ठरवावा. प्रवेशप्रक्रिया, परीक्षा किंवा परिसंवाद यांचे दिवस वर्ज्य करावेत. शुक्रवारची सायंकाळही टाळावी, कारण दोष उघड होतील तेव्हा मदतीस माणसे नसतात. नव्या नोंदींचे लेखन त्या काळापुरते थांबवावे व तशी पूर्वसूचना सर्व संपादकांस द्यावी. लेखन थांबल्यावर अखेरची राखीव प्रत काढावी, आणि मग तालमीत लिहून ठेवलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने पार पाडाव्यात. ऐनवेळी सुचलेली सुधारणा त्या दिवशी करू नये.

माघार केव्हा घ्यावयाची हे आधीच ठरलेले असावे. अमुक वेळेपर्यंत कसोटीचा पाठ निर्दोष दिसला नाही तर जुनी प्रत पुन्हा उभी करावयाची, असा लेखी निर्णय हाती असला म्हणजे थकलेल्या मनाने निर्णय घ्यावा लागत नाही. नवे संकेतस्थळ वाचकांस खुले झाले आणि त्यावर नव्या नोंदी पडू लागल्या की माघारीचा मार्ग दर तासागणिक अरुंद होत जातो. कारण मागे जायचे म्हणजे त्या नोंदी सोडून जायचे. म्हणून लेखन पुन्हा सुरू करण्यापूर्वीच तपासणी पुरी करावी.

सर्व काही एका दमात करण्याच्या हव्यासाचे मोल किती मोठे असू शकते, याचे उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी या बँकेचे आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिने आपले सर्व ग्राहक मुख्यतः एकाच सप्ताहान्ती नव्या प्रणालीवर नेले. लक्षावधी ग्राहकांना आपली खाती वापरता येईनात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामक संस्थांनी तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. विभागाच्या संकेतस्थळास दंड कोणी करणार नाही; परंतु गेलेली शब्दनोंद पुन्हा मिळवण्यासाठी ज्या वृद्ध निवेदकाकडे जावे लागेल तो हयात असेलच असे नाही.

८. उत्तरकार्य

नवे संकेतस्थळ सुरू झाल्यानंतरही जुनी प्रत काही महिने राखून ठेवावी, कारण अनुक्रमातील किंवा शोधातील दोष वापरातूनच हळूहळू लक्षात येतात. पहिले काही आठवडे न सापडणाऱ्या पृष्ठांची नोंदवही रोज पाहावी व तुटलेल्या निर्देशांना वळण द्यावे. केलेल्या बदलांची टिपणवही मराठीत लिहून विभागात ठेवावी: कोणत्या दिवशी कोणता थर कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेला, मजकुराचे संकेतन काय होते व काय झाले, कोणता दोष आढळला व तो कसा निवारला. तंत्रज्ञ बदलतात, विभागप्रमुख बदलतात. पुढील स्थित्यंतराच्या वेळी हीच वही उपयोगी पडते.

कसोटीचा पाठही कायम जपावा आणि नवा दोष आढळताच त्यात नव्या शब्दाची भर घालावी. हे पृष्ठ सिद्ध करण्यास भाषेच्या जाणकारास एखादी दुपार पुरेल. ते हाती असल्यास तंत्रज्ञाला काय तपासावे हे नेमके सांगता येते, आणि संकेतस्थळावरील मजकूर जसा लिहिला तसाच राहिला आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर तर्काने न देता पाहून देता येते.